नलिनीबाईंचं एक वाक्य

आमच्या नलिनीबाई म्हणजे भिडस्तपणाचा कळस. सिल्वासात मराठी शाळेवर तीस वर्षं शिकवलं, पण शेजारी वाटीभर साखर मागायची तरी यांचा जीव वरखाली. यजमान भास्करराव गेल्यापासून तीन खोल्यांत एकट्या. मुलगा सौरभ स्पेनमध्ये, सून तिकडचीच, आणि सात वर्षांची नात एलेना, जिला या आजीने अजून मांडीवर घेतलेलं नाही.

दर रविवारी दुपारी फोन यायचा. सौरभ म्हणायचा, या दिवाळीला बघतो. बाई लगेच म्हणायच्या, कामं सांभाळ रे, यायची काही घाई नाही. आपल्याकडे असंच म्हणतात, समोरच्याने ओळखायचं असतं. पण पोराने आठ वर्षं तेच खरं धरलं. फोन ठेवला की बाई आत जाऊन नीट घातलेली चादर पुन्हा झटकायच्या. मला शेजारणीला भारी राग यायचा. दोघांचाही.

मग नातीशी बोलायला म्हणून बाईंनी मोबाईलवर स्पॅनिश शिकायला घेतलं. अडुसष्टाव्या वर्षी! शाळेतल्या उरलेल्या वहीत सगळे शब्द देवनागरीत. संध्याकाळी मला समोर बसवून धडा म्हणून दाखवायच्या. मी जळगावकडची, मला ओ की ठो कळायचं नाही, पण बसायचे.

एका धड्यात वाक्य आलं, 'किएरो के बेंगास'. म्हणजे, तू यावंस असं मला वाटतं. बाई तिथेच थांबल्या. म्हणाल्या, हे मला मराठीत कधी म्हणताच आलं नाही गं. पुढचे पंधरा दिवस कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना तेच घोकत होत्या.

रविवारी मी बाजूलाच बसले होते. पडद्यावर एलेना दिसली. बाईंनी वही मांडीखाली सारली आणि न अडखळता म्हणाल्या, "किएरो के बेंगास, एलेना."

 पोरगी बापाकडे वळून भराभर काहीतरी बोलली. सौरभचा चेहरा उतरला. काय म्हणते, असं बाईंनी विचारलं.

"विचारतेय, आजी आपल्याला कधी बोलवत नाही असं तू मला का सांगायचास?" तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "आई, डिसेंबरात येऊ का आम्ही?"

आणि या बाईने काय म्हणावं! म्हणाल्या, तुझी सोय बघ, रजा मिळत नसेल तर राहू दे. मी चिमटा काढला, पण तोवर तो "बरं, बघतो" म्हणून मोकळा झाला होता. फोन बंद झाला.

माझं डोकंच फिरलं. उठले, चपला घालू लागले. एरवी मी निघाले की त्या म्हणायच्या, जा गं, तुला कामं असतील. आज म्हणाल्या, "भारती, थांब ना. मला एकटीला नाही राहवत."

मी चपला काढल्या. फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "हेच त्याला सांगा. मराठीत."

बाईंनी मांडीखालची वही बाजूला ठेवली आणि सौरभला फोन लावला.