उस्तादांचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि बाबांना तर नाहीच — त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी दोन महिने उशापाशी बसून होतो, बोलायला वेळ भरपूर होता, तरी नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून असेल. घरातल्या माणसांना सांगितलं तर त्यांचा एक आवडता किस्सा मोडेल.

तो किस्सा आधी सांगतो. माझ्या बहिणीचे, वैजूचे सासरे तो प्रत्येक लग्नामुंजीत सांगतात. वैजूला बघायला ते पुण्याहून दिल्लीला आले होते. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथीगृहात उतरले होते. तिथून त्यांना गाझियाबादला आमच्या घरी न्यायला बाबा आणि मी आमची जुनी मायनर घेऊन गेलो. आणि यमुनेच्या पुलावर, भर जूनमध्ये, दुपारी चार वाजता गाडी मेली. “मुलगी बघायला आलो आणि हमाली करून गेलो!” असं ते म्हणतात, आणि सगळे पोट धरून हसतात. कोटाच्या बाह्या सरसावून त्यांनी गाडी ढकलली हे खरंच आहे. किस्स्याच्या शेवटी माझं कौतुक असतं — मिस्त्रीने पेच ढिला ठेवला होता, पण आमच्या श्रीधरने पाच मिनिटांत गाडी चालू केली.

मीही हसतो. बावीस वर्षं हसतोय.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मायनर माझ्यापेक्षा वयाने थोडी मोठी. बाबांनी ती एका बदली झालेल्या साहेबाकडून घेतली, आणि दुसऱ्या गाडीचा विचार कधी केला नाही. मीही केला नाही. आजही रोज गाझियाबादहून ऑफिसला मी तिच्यातूनच जातो. थंडीत हँडल मारावं लागतं, उन्हाळ्यात पाण्याची बाटली जवळ ठेवावी लागते, आणि वळताना हात बाहेर काढला तर मागचा मोटारसायकलवाला समजतो की मी त्याला बोलावतोय. लोक विचारतात, हा हट्ट कशाला? हट्ट नाही हो. मला ती कशी चालते हे बघायला आवडतं. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर काही दिसतच नाही. हिचं सगळं दिसतं.

हे बघण्याचं वेड मला ओमप्रकाश उस्तादांनी लावलं. पहाडगंजात माझी मराठी शाळा होती आणि शाळेपासून एक गल्ली सोडून त्यांचं गॅरेज. शाळा सुटल्यावर बाबा ऑफिसमधून येईपर्यंत मी तिथल्या स्टुलावर बसायचो. ते मला ‘छोटे बाबू’ म्हणायचे. नोकरीला लागलो तरी छोटे बाबूच. आमच्या मायनरला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

इंजिनात एक भाग असतो, डिस्ट्रिब्यूटर. त्याच्या टोपीखाली धातूचे दोन बारीक ठिपके सतत एकमेकांना टेकतात आणि सुटतात, त्यातून ठिणगी पडते. ते सुटले की मधे जी फट राहते, ती अगदी नेमकी हवी. पुस्तकात त्या फटीचं माप दिलेलं आहे आणि ते मोजायला पोलादी पात्यांचं मापक मिळतं. उस्तादांकडे ते नव्हतं. त्यांच्याकडे होती मुलीच्या लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी. ती फटीत सरकवायची, किंचित अडली की पेच घट्ट करायचा, झालं. पट्टीवर अर्धं नाव उरलं होतं, ‘सौभाग्यकांक्षिणी विम’ इतकंच. मी विचारलं, उस्ताद, हे माप बरोबर कसं येतं? ते म्हणाले, “कार्ड नहीं नापता, छोटे बाबू. हाथ नापता है.”

आता मला सांगा, असं वाक्य ऐकल्यावर माझ्यासारख्या माणसाला झोप लागेल का?

पाहुणे रविवारी यायचे होते. बाबांनी शनिवारी गाडी उस्तादांकडून नीट करून आणली. रविवारी सकाळी बाबा मिठाई आणायला गेले होते. मी नवंकोरं पोलादी मापक घेऊन अंगणात गेलो आणि डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडली. फक्त मोजायचं होतं. शप्पथ, फक्त मोजायचं. मोजलं — आणि माप तंतोतंत पुस्तकातलं निघालं. पत्रिकेच्या तुकड्याने! मी वेडाच झालो. मग वाटलं, फट थोडी कमी केली तर इंजिनाचा आवाज कसा होईल? थोडी वाढवली तर? पेच सैल केला. कमी करून ऐकलं, वाढवून ऐकलं. शेवटी पुन्हा पहिल्या मापावर आणली आणि पेच बोटाने फिरवला. शेवटचा अर्धा फेरा स्क्रू ड्रायव्हरने द्यायचा होता. तेवढ्यात आईने आतून हाक मारली, “श्री, खुर्च्या कमी पडतायत रे, जोश्यांकडून घेऊन ये.” मी टोपी बसवली आणि खुर्च्या आणायला गेलो.

पुलावर गाडी मेली तेव्हा टोपी मीच उघडली. पेच सुटलेला, फट मिटलेली. बघताक्षणी सगळं कळलं. वैजूच्या होणाऱ्या सासऱ्यांनी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून दिलं, मी ते फटीत धरलं, नाण्याने पेच आवळला आणि गाडी सुरू झाली. बाबांचा चेहरा घामाने आणि लाजेने लाल झाला होता. “काय झालं होतं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “पेच ढिला राहिला होता.”

यात खोटं काय आहे? काहीच नाही. कुणी ढिला ठेवला, हे फक्त मी सांगितलं नाही. बाबाच म्हणाले, “ओमप्रकाशने? कालच तर केली त्याने!” आणि मी बॉनेट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन पहाडगंजात गेले. बाबा तसे मवाळ, पण व्याह्यांपुढे नाक कापलं गेलं होतं. गिऱ्हाइकांसमोर ते उस्तादांना म्हणाले, “अब आराम करो, उस्ताद. उमर हो गई. पेच तक कसना भूल जाते हो.” उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. आठवत होते बहुतेक — शनिवारचा तो पेच आपण आवळला की नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता नजरेत. एखादा सुटा भाग कुठे ठेवलाय का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, “छोटे बाबू, आपने तो नहीं खोला था?”

“नहीं, उस्ताद.”

“अच्छा,” ते म्हणाले. “फिर मुझसे ही रह गया होगा.”

तुम्हाला वाटेल, झाला कबुलीजबाब. मलाही कित्येक वर्षं वाटायचं की माझा गुन्हा एवढाच. घाबरट माणसाचं एक ‘नहीं’. बाबांचा राग, वैजूचं लग्न, सगळं त्यात बसवता येतं. पण ते नाही. जे सांगायला बसलोय ते पुढे आहे.

चार दिवसांनी मी एकटाच ऑफिस सुटल्यावर गॅरेजवर गेलो. माफी मागायला? नाही. खरं सांगतो, मला बघायचं होतं. आपण केलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं, हे बघायची मला उत्सुकता होती. गाडीच्या बाबतीत मी जसा आहे तसाच माणसांच्या बाबतीतही आहे की काय, हा विचार तेव्हा सुचला नाही, आता सुचतो.

उस्ताद एका इंजिनावर वाकले होते. त्यांनी एक पेच आवळला. पुढच्याकडे गेले, थांबले, परत पहिल्याकडे आले आणि तोच पुन्हा आवळला. मग तिसऱ्यांदा. त्या माणसाला मी लहानपणापासून बघत होतो, एका पेचाला त्याने दुसऱ्यांदा कधी हात लावला नव्हता. मला बघून त्यांनी कापडाने हात पुसले आणि उजवा हात माझ्यासमोर धरला, पंजा पसरून.

“देखना ज़रा. तुम्हारी नज़र तेज़ है. काँपता है क्या?”

मी पाहिला. नीट पाहिला, वाकून, दोन्ही बाजूंनी. संध्याकाळचं ऊन होतं, उजेड भरपूर होता. नखांत काळं तेल, अंगठ्यावर भाजल्याची जुनी खूण. मी तेव्हा काय विचार करत होतो, हे शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केलाय. हात ठीक आहे म्हटलं, तर पेचाचं कोडं उघडंच राहणार होतं. ते पुन्हा विचार करणार, आणि विचार करत करत कधीतरी माझ्यापर्यंत येणार. हे मी ठरवून केलं का? की तोंडातून आपोआप गेलं? इंजिन खोललं की कारण सापडतं. इथे मला अजून सापडलेलं नाही.

मी म्हणालो, “थोड़ा-सा, उस्ताद.”

ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मुझे तो दिखता नहीं. तुम कहते हो तो होगा.” आत जाऊन त्यांनी पत्रिकेची ती पट्टी आणली आणि माझ्या खिशात घातली. “अब ये तुम रखो. गाड़ी तुम ही देखना.” त्यानंतर त्यांनी इंजिन खोललं नाही. गॅरेजच्या दारात बसून पंक्चर काढायचे, चाकांत हवा भरायचे. मी गाडी घेऊन समोरून गेलो की हात वर करायचे. सात वर्षांनी गेले.

पट्टी अजून माझ्याकडे आहे. कडा मऊ झाल्यात, ‘विम’मधला ‘म’ पुसत आलाय. महिन्यातून एकदा मी डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडतो, पट्टी फटीत सरकवतो, किंचित अडली की पेच आवळतो. पोलादी मापक वापरत नाही. शेजारी म्हणतात, साठेसाहेब, तुमच्या हाताला यश आहे. ऑफिसला पोचायला मला गाडीमुळे एकदाही उशीर झालेला नाही.

उस्तादांचा हात कापत नव्हता. जरासुद्धा नाही.