शीड मी आल्यावर

इरा, नील,

आजीच्या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' अशी चिठ्ठी असते, हे तुम्ही दोघं मित्रांना हसून सांगता. खरंच आहे ते. मी कधी दृष्ट काढून घेतली नाही, अमावास्या बघून प्रवास टाळला नाही. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की मी म्हणायचे, आधी मांजर शोधा. आणि बहुतेक वेळा मांजरच निघायचं! म्हणून हे लिहायला हात धजत नव्हता. तुमच्या आईला तिच्या त्या भुताखेतांच्या अनुभवांच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर खुशाल टाकू दे. शाळेचं नाव मात्र मी मुद्दाम लिहीत नाही.

अलिबागहून मुरुडकडे येताना, काशीदच्या जरा अलीकडे, डाव्या हाताला टेकडीवर एक तांबडा रस्ता चढतो. वर कॅथलिक सिस्टरांची शाळा आहे. गणित-भूगोल असतंच, पण शाळा मुख्यतः गाणं, नाच, नाटक आणि चित्रकलेची. मुली तिथेच राहतात. एका खोलीत व्हायोलिन, शेजारच्या खोलीत तबला, पलीकडे चॅपेलमध्ये प्रार्थना... सगळं एकदम कानावर येतं आणि तरी त्रास होत नाही. तुमचे आजोबा गेल्यावर मी मुंबई सोडून इकडे आले, तेव्हापासून तिथे उच्चार आणि संवाद शिकवायला जात होते.

तिथे पडदे रंगवायच्या सिस्टर ल्युसी. मूळच्या मंगळूरच्या, पण उभं आयुष्य इथे गेलेलं. नाटकाचा मागचा पडदा, केवढा तरी मोठा, त्या शिडीवर चढून एकट्या रंगवत. पावडरचे रंग सरसात कालवायच्या, त्यामुळे हॉलला कायम त्या सरसाचा उग्र वास असे. ब्रश जास्त भिजला की डब्याच्या काठावर आपटायची त्यांना सवय होती – टक्, टक्. खाली डबा धरायला एकच मुलगी त्यांना चाले. दर्शना. आगरदांड्याच्या कोळ्याची पोर, सातवीतली. हात चित्रकाराचा, आवाज खणखणीत, आणि जीभ कुणाला न आवरणारी.

त्या वर्षी नाताळचं नाटक मी इंग्रजीतून भाषांतर केलेलं होतं. एक कोळ्याची मुलगी दूरच्या बेटावरच्या आजाऱ्यांची सेवा करायला घर सोडून निघते आणि पुन्हा परतत नाही. ती भूमिका दर्शनाची. उंबऱ्यावर तिचं वाक्य होतं, "आई, मी जाते."

ती दर वेळी म्हणायची, "आई, येते."

"जाते," मी म्हटलं. "मुळात 'आय अ‍ॅम गोइंग' आहे."

"बाई, घरातून निघताना जाते न्हाय म्हनत कोन."

"पण ही परत येणार नाहीये ना? मग येते म्हणणं चूक नाही का?"

"म्हनूनच तर येते म्हनायचं! माझा बाबा दर्यावर निघताना येतो म्हनतो. जातो म्हनला तर आई त्याची होडीच धरून ठेवंल."

मुली खिदळल्या. शिडीवरून सिस्टर ल्युसी म्हणाल्या, "सोडा हो तिला, वसुधाताई. मी इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे शिकले. ह्या मुलखात कुणी जातच नाही. सगळे येतातच!"

मी तरी काय, घरातून निघताना कधी 'जाते' म्हणते? पण भाषांतर माझं होतं ना. "स्टेजवर जे म्हणायचंय तेच म्हणायचं," मी म्हटलं. "जाते. पुन्हा." तिच्या तोंडून ते नीट येईपर्यंत मी तिला सोडलं नाही.

पडदा जवळजवळ पुरा होत आला होता. समुद्र, जंजिऱ्यासारखा एक किल्ला, आणि मधोमध होडी. होडीला शीड तेवढं काढायचं राहिलेलं. तेव्हाच सिस्टरांच्या छातीत दुखू लागलं. मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये न्यायला गाडी आली, सगळ्या मुली फाटकाशी जमल्या. सिस्टरांनी काच खाली केली.

"वसुधाताई, येते हं! शीड मी आल्यावर. दर्शना, पांढऱ्याचा डबा सुकू देऊ नको गं."

"या," मी म्हटलं. सवयीने. आपण म्हणतो तसं.

त्या मुंबईतच वारल्या. दफन तिकडेच झालं. सिस्टर प्रिन्सिपलनी सांगितलं, नाटक होणार नाही, आणि पडदा आहे तसाच राहील. बिनशिडाची होडी हीच त्यांची आठवण. कुणी हात लावायचा नाही.

आता त्या दुपारचं सांगते. स्वच्छ ऊन होतं, हे मुद्दाम लिहिते. जेवणानंतरची विश्रांतीची वेळ, मुली वर झोपायच्या खोल्यांत. माझा वाचायचा चष्मा हॉलमध्ये राहिला होता. मी, जिच्या घरी कात्रीचीसुद्धा जागा ठरलेली, ती चष्मा विसरले! परत गेले. चष्मा स्टेजच्या कडेवरच होता. उचलला आणि मान वर केली.

पडद्यासमोर दर्शना उभी होती. दोन्ही हातांनी डबा डोक्यापर्यंत उचललेला, तोंड वर. ती एकटीच होती. शिडी जेवणघराच्या पन्हळी साफ करायला नेलेली. आणि तिच्या किती तरी वर, होडीच्या डोलकाठीपाशी, कापड आत दबत होतं... ब्रश टेकल्यावर दबतं तसं. जिथे दबत होतं तिथे पांढरा रंग उमटत होता. ओला. वरून खाली, सावकाश, कडेला जरा थांबून. मला दूरचं चांगलं दिसतं, चष्मा फक्त वाचायला लागतो, तेव्हा 'नजरेचा दोष' म्हणू नका. तो प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारून झाला आहे.

मग दर्शनाच्या हातातला डबा वाजला. टक्, टक्.

ती माझ्याकडे वळली. घाबरलेली अजिबात नव्हती. हसून हळूच म्हणाली, "बाई, आल्या बघा."

मी पळाले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पदर सावरत. एका लहान मुलीला तिथे एकटी टाकून. चष्मा हातातून कधी पडला तेही कळलं नाही. घरी येऊन दार लावलं, भांडी घासायला काढली, आणि स्वतःला सांगितलं – वारा असेल.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी शीड पाहिलं. दर्शनाच्या केसांवर, फ्रॉकवर पांढरे थेंब होते. तिने लपवालपवी केली नाही. "सिस्टरांनी हाक मारली. मी डबा धरला. येते म्हनाल्या व्हत्या ना त्या?" तिने चारचौघींत सांगितलं. रात्री लहान मुली रडू लागल्या, पालकांचे फोन आले. सिस्टर प्रिन्सिपल वाईट बाई नाहीत. पण त्यांच्या मैत्रिणीचं शेवटचं काम कुणी तरी रंगवून टाकलं होतं, त्यावर ही गोष्ट! त्यांना वाटलं, पोरगी टेबलावर टेबल चढवून चढली असणार. त्यांनी तिच्या आईला बोलावलं, आणि मलाही. दर्शनाने एवढंच म्हणायचं होतं – मी खोटं बोलले. म्हटलं तर राहा, नाही तर घर.

"म्हन की गो," तिची आई सुनंदा काकुळतीने म्हणाली. "येक शबुद हाय, म्हन."

"न्हाय."

"सिस्टर, पोर भांडकुदळ हाय, चिंचा चोरते, मला म्हाईत हाय. पन खोटं न्हाय बोलत ओ ती."

दर्शना माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई व्हत्या तिथं. बाईंनी पायलंय."

सिस्टर प्रिन्सिपल माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती, हे मला आज कळतं. "वसुधाताई? तुम्ही होतात?"

इरा, नील, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगते. लोक काय म्हणतील. आजोबा गेल्यापासून हिचं डोकं जरा... असं म्हणतील. तुमची आई मला तुमच्याकडे नेऊन डॉक्टरला दाखवेल. एवढंच आलं. त्या मुलीचं काही आलं नाही.

"मी चष्मा शोधायला आले होते," मी म्हटलं. "पण हॉलमध्ये गेलेच नाही."

माझे उच्चार अगदी स्वच्छ होते.

मी वाट बघत होते, दर्शना आता ओरडेल, मला खोटारडी म्हणेल. तिने फक्त फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि तसाच ठेवला.

तासाभराने ट्रंक घेऊन मायलेकी फाटकाशी टमटमची वाट बघत होत्या. मी तिथून निघाले होते, चुकवता आलं नाही. दर्शना आईला मागे ठेवून माझ्याजवळ आली. खिशातून माझा चष्मा काढला. एका काचेवर पांढरा थेंब सुकलेला.

"हॉलमंदी पडला व्हता, बाई. पडद्याम्होरं."

म्हणजे तो मघाशीही तिच्या खिशात होता. त्या खोलीत, सगळ्यांसमोर, तिने टेबलावर नुसता ठेवला असता तरी पुरे होतं.

"दर्शना..." मी म्हटलं.

"जाते, बाई," ती म्हणाली. मी शिकवलं होतं तसं. एकेक अक्षर स्पष्ट.

मी घरी न जाता तशीच परत वर गेले आणि सिस्टर प्रिन्सिपलना सगळं सांगितलं. थेंब दाखवला. त्यांनी काच उजेडात धरून थेंबावर नख फिरवलं. "ताई, मला फक्त तिला दुजोरा देणारं एक माणूस हवं होतं," त्या म्हणाल्या. "मघाशी."

मग आम्ही दोघी हॉलमध्ये गेलो. शिडाच्या खालच्या कोपऱ्यात गेरूच्या रंगाचं एक ठिगळ होतं. सिस्टर ल्युसी प्रत्येक शिडाला ते काढायच्या. नवं कोरं शीड गरिबाचं वाटत नाही म्हणायच्या. दर्शनाच्या डब्यात नुसता पांढरा होता. गेरूची बरणी कपाटात बंद होती आणि कपाटाची चावी सिस्टर प्रिन्सिपलच्या कमरेला. मी मांजर शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. सापडलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही आगरदांड्याला गेलो. जेटीच्या अलीकडे त्यांचं घर. सुनंदा अंगणात बोंबील वाळत घालत होती, दर्शना टोपलीतून काढून देत होती. सिस्टर प्रिन्सिपलनी हात जोडून माफी मागितली, शाळेत परत बोलावलं. मीही मागितली.

"तिला इचारा," सुनंदा म्हणाली. "मी काय सांगू?"

"मी हितल्याच शाळेत जाते आता," दर्शना बोंबलांकडे बघत म्हणाली. "हितं बरं हाय."

"चित्रं काढतेस ना?" मी विचारलं.

"काढते की." तेवढंच.

पलीकडे दिघीला जाणारी फेरी भोंगा देत होती. आम्ही उठलो. मी म्हटलं, "येते हं, दर्शना." आणि थांबले, कारण ह्यावर समोरचा माणूस 'या' म्हणतो. शत्रूसुद्धा म्हणतो.

"या बाई," सुनंदा म्हणाली.

त्यानंतर मी दर महिन्याला जाते. कागद नेते, रंग नेते. ती घेते, नाही म्हणत नाही. गेल्या वेळी तिने भिंतीवर कोळशाने काढलेली होडी मला दाखवली. शिडाला ठिगळ होतं. निघताना मी 'येते' म्हणते आणि अंगणाच्या कडेला जरा रेंगाळते. तिची आई आतून 'या' म्हणते.

दर्शना अजून म्हणालेली नाही.