पोरींना मी सांगितलेलं मरण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वकिलाला नाही, धुळ्याच्या भावाला नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच असेल.

मला दोन मुली. जागृती बाराची, हेतल आठची. दर शनिवारी दोन तास त्यांना भेटायचा हुकूम मी फॅमिली कोर्टातून मिळवलाय. सुरतेतल्या उधन्याहून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी कोर्टातल्या भेटीच्या खोलीत वेळेआधी पोचतो. त्या आईला चिकटून बसतात. मी जवळ सरकलो की हेतल आईच्या मागे सरकते. जागृती गुजरातीत एवढंच म्हणते, ‘मारे नथी आववुं.’ मला नाही यायचं. घरची अहिराणीसुद्धा ती माझ्याशी बोलत नाही.

मी दारू पीत नाही. पोरींवर कधी हात उचलला नाही. मग असं काय केलं मी?

चार वर्षांपूर्वी मालती, माझी बायको, भांडून नंदुरबारला माहेरी गेली. पोरी माझ्याकडे. रात्रपाळीला बारा तास कापडाच्या लूमवर उभा राहून यायचो आणि हेतलचं एकच — आई कधी येईल? आई कधी येईल? एका दुपारी मी म्हणालो, ‘नाही येणार. मेली तुमची आई. कामरेजजवळ ट्रकखाली आली.’

दोघी गप्प झाल्या. आणि मला — कसं सांगू — बरं वाटलं. झोप लागली.

उठल्यावर सांगता आलं असतं ना, खोटं होतं म्हणून? नाही सांगितलं. दोन दिवस नाही. जागृतीने भात लावला, धाकटीची वेणी घातली. दोघी आईची साडी पांघरून बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मालती बॅग घेऊन दारात आली, तर हेतल किंचाळून खाटेखाली शिरली. ‘काय व्हयनं व माय?’ मालती अहिराणीत विचारत राहिली, काय झालं गं. मी जागृतीला मोरीकडे ओढलं. म्हणालो, ‘आईला सांगितलंत, तर ती खरंच मरेल.’

त्यांनी नाही सांगितलं.

वर्षभराने मालती त्यांना घेऊन कोसाडला तिच्या भावाकडे राहायला गेली. मी कोर्टात गेलो. जज बाईंनी विचारलं, मुली का येत नाहीत? जागृती माझ्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. मी म्हणालो, ‘मॅडम, आईनेच पढवलंय त्यांना.’

मालती रडत म्हणाली, ‘मी तर रोज समजावते, जा गं पप्पांकडे.’ ती खरं बोलत होती. तिलाच समज मिळाली. हुकूम मला.

दर शनिवारी वाटतं, आज बोलावं. एका वाक्याचं तर काम. पण बोललो तर शनिवारही जाईल — आणि मग माझ्याकडे काय उरेल? बघा, अजून मी माझाच विचार करतोय.

जागृती मोठी झालीय. सांगितल्याने कुणी मरत नाही, हे तिला आता कळत असणार. परवा मी मालतीला नुसतं ‘कशी आहेस’ म्हणायला उठलो, तर जागृती उठून आमच्या मध्ये उभी राहिली. एक हात मागे, आईच्या मनगटावर.

मी खाली बसलो. बोललो नाही.