चिठ्ठीवरचं तमालपत्र

सकाळी सहा चाळीसला कुंडीकाकू आपल्या नर्सरीत रोपांना पाणी घालत मधल्या रांगेत आल्या आणि तिथेच थांबल्या. पाइप एकाच कुंडीवर वाहत राहिला. माती बाहेर आली, चपला भिजल्या. समोरच्या रोपाला नवी पालवी फुटली होती: एकेका पेरावर तीन-तीन पानं, लांब, टोकदार, मधोमध फिकट शीर. कुंडीवरच्या चिठ्ठीवर छापलं होतं, ‘तमालपत्र, बारीक पानाचं’. काकूंनी एक पान देठापासून तोडलं. बोटांना चिकट चीक लागला.

कण्हेर होती.

पार्सलने मागवलेलं रोप भलतंच निघणं ही त्यांच्या नर्सरीत नवलाची गोष्ट नाही. पांढरा म्हणून आलेला गुलाब लाल फुलतो. बुटकी म्हणून आलेली पपई छप्पर ओलांडते. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, काकू बदली रोप देतात, विषय संपतो. पण ही चूक पातेल्यात पडणारी होती. कण्हेरीचं पान विषारी असतं आणि उकळल्याने ते विष जात नाही.

अशी तीन रोपं आली होती. वाटेत सुकू नयेत म्हणून पाठवणारे पानं अर्धी कापतात. त्यामुळे आकारावरून ओळख पटण्यासारखी नव्हती, आणि बारीक पानाची ही जात काकूंनी आधी कधी हाताळलेली नव्हती. अशा वेळी पान चुरगाळून हुंगायचं असतं. रोपं आली तेव्हा काकूंनी तसं केलं, मान डोलावली आणि चिठ्ठीवरच भरवसा ठेवला. मागच्या थंडीत मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून त्यांना कसलाच वास येत नाही. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही. रोपं विकणारीचं नाक गेलं हे कळल्यावर रोपं घ्यायला कोण येणार, हा त्यांचा हिशेब.

एक रोप समोर होतं. दुसरं एक अनोळखी बाई निळ्या पिशवीतून घेऊन गेल्या होत्या. तिसरं काकूंनी स्वतः नणंदेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी लावलं होतं. नणंद ऑफिसांना जेवणाचे डबे पुरवते. डबे दहाला निघतात.

नणंदेचा फोन नुसता वाजत राहिला. काकूंनी पुन्हा लावला, परत लावला.

“ती फोन फडताळात ठेवते,” दारात चहाचा कप घेऊन उभा असलेला नवरा म्हणाला. “हात खरकटे असतात ना. एवढं काय अडलंय?”

“रोप चुकीचं गेलंय तिच्याकडे.”

“मग रविवारी बदलून दे.”

“तुम्ही गेटवर बसा,” काकू म्हणाल्या. “निळी पिशवी घेऊन कुणी बाई आल्या तर त्यांना जाऊ देऊ नका.”

“म्हणजे धरून ठेवू?”

काकू तोवर रस्त्यावर पोचल्या होत्या.

बसमध्ये रिकामी सीट असूनही त्या उभ्याच राहिल्या. निळ्या पिशवीच्या बाईंनी जाताना विचारलं होतं, “चहात चालतं का हो हे?” काकू म्हणाल्या होत्या, “एखादं पान टाका.” ते वाक्य दर थांब्याला आठवत होतं.

नणंदेच्या मागच्या दाराशी त्यांनी आधी रोप पाहिलं. नवी पालवी इथेही होती. शेंड्याजवळची दोन पानं तोडलेली होती.

आत मोठं पातेलं उकळत होतं. नणंद झारा घेऊन पाठमोरी उभी होती.

“ताई, गॅस बंद करा.”

“वहिनी? सकाळी सकाळी? अगं, वीस डबे भरायचेत मला.”

“पान टाकलंत का? मी दिलेल्या रोपाचं?”

“त्याचं नावच काढू नकोस,” नणंद वळून म्हणाली. “तोडली दोन. चोळली, हुंगली, वास कसला म्हणून नाही. म्हटलं, भावजयीने फुकट दिलं ते बरोबर त्याच मोलाचं दिलं. टाकली केरात आणि मसाल्याच्या डब्यातली जुनी वापरली.”

काकूंनी केराची बादली ओट्याखालून ओढली, सालींमध्ये हात घातला आणि दोन्ही पानं शोधून काढली. मग त्या तिथेच फरशीवर बसल्या.

“कण्हेर आहे ती,” त्या म्हणाल्या. “हात धुवा. साबणाने.”

नणंदेने गॅस बंद केला. हात धुतले, पुन्हा धुतले. बराच वेळ नळच वाहत होता.

“तू हुंगलं नव्हतंस?”

“मला वास येत नाही, ताई. तापापासून.”

“म्हणजे एवढे दिवस माझ्या पातेल्यावर वाकून ‘काय घमघमाट सुटलाय’ म्हणायचीस, ते?”

“ते अंदाजाने.”

“दादाला माहीत आहे?”

“नाही.”

“तो मला सांगत होता, दूध करपलं तरी ही जागची उठत नाही. बिचाऱ्याला वाटतं तू रुसलीयेस.”

काकू हसल्या नाहीत. निळी पिशवी अजून कुठल्या तरी स्वयंपाकघरात होती.

दोघींनी मिळून रोप मुळासकट उपटलं. डबे वेळेवर गेले. काकू परतल्या तेव्हा नवरा गेटवरच्या स्टुलावर बसून होता. कुणी आलं नव्हतं. त्यांनी त्याला तिथेच उभ्याने सगळं सांगितलं, नाकाचंही. तो स्टुलावरून उठला. मग त्याने विचारलं, “पाटी केवढी करू?”

पत्र्यावर लाल रंगाने त्याने लिहिलं: ‘बारीक पानाचं तमालपत्र नेलं असेल तर पान तोंडात घालू नका. ती कण्हेर आहे. रोप परत आणा.’ संध्याकाळी काकू आसपासच्या गल्ल्यांतून दारोदार विचारत फिरल्या. निळी पिशवी कुणाच्याच लक्षात नव्हती.

पाटी गेटला बाहेरच्या बाजूने बांधली आहे. गेट उद्या नेहमीप्रमाणे सातला उघडेल. पार्सलची गाडी आठला येते. उद्या नणंदेचं स्वयंपाकघर बंद आहे. नवी रोपं हुंगायला ती साडेसातलाच येणार आहे.