कापलेला बुडखा

वाळलेली झाडं कागदावर चिकटवून माणूस पोट भरू शकतो, यावर खळबुवांच्या सासऱ्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. पण वनस्पतींच्या संग्रहालयात खळबुवांनी तीस वर्षं हेच केलं. खळ ते स्वतः शिजवायचे, म्हणून ते खळबुवा. माझी खळ एकदा बसली की कागद फाटेल पण झाड सुटणार नाही, असं ते छाती फुगवून सांगायचे.

त्यांना तिथं चिकटवलं ते थोरल्या भावानं. दादा त्याच संग्रहालयासाठी रानोमाळ हिंडून झाडं गोळा करायचा. पहिल्याच दिवशी त्यानं धाकट्याला बजावलं, "कागदावर मावलं नाही तर मूळ दुमडायचं. कापायचं नाही. मूळ गेलं की झाड कोण, कुणाचं, काही कळत नाही."

हा दादा गेला तो एका बटरकपच्या, म्हणजे पिवळ्या फुलांच्या एका रानझाडाच्या पायी. दलदलीत पाय घसरला आणि तो छातीपर्यंत रुतला. लोकांनी ओढून काढेपर्यंत सगळं संपलं होतं. पाठीवरच्या पत्र्याच्या डब्यात एकच झाड होतं, मुळासकट, काळ्या चिखलानं लडबडलेलं.

चौथ्या दिवशी ते खळबुवांच्या टेबलावर आलं. चिखल धुता धुवेना. दादाच्या नखांतही हाच चिखल होता आणि तो खळबुवांनीच काडीनं काढला होता. आता परत तो बघवेना. त्यांनी कात्री घेतली, मुळांसकट बुडखा छाटला आणि टोपलीत फेकला. ओल्या बटरकपचा रस जहाल, बोटांना फोड आले. त्या फोडांचं त्यांना बरंच वाटलं. पुढं झाड दाबून वाळवलं आणि असं देखणं लावलं, की पाकळ्यांची रोगण दिल्यासारखी चकाकीसुद्धा उठून दिसावी.

वर्षभरानं तो कागद संग्रहालयातल्या बाईंच्या हाती आला. बाई या कुळाच्या जाणकार. बटरकपच्या शेकडो जाती. लांबून सगळ्या सारख्याच पिवळ्या, पण बाई एकेकीला कान धरून वेगळी काढायच्या. त्यांनी भिंग लावलं. पाकळीच्या बुडाशी मधाची खाच, तिच्यावर खवल्याएवढं झाकण. पाकळ्यांखालची हिरवी पानं मागं मुरडलेली. फुलामधल्या गोंड्यातल्या एकेका कोवळ्या फळाला चोच, पण सरळ.

"बुवा, ही चोच मी कुठंच पाहिलेली नाही," बाई म्हणाल्या. "नवी जात ठरली तर दादांचं नाव देऊ."

खळबुवांनी संध्याकाळीच वहिनीला सांगितलं. त्या दिवशी वहिनी वर्षभरानं पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं. "बुडखा कुठाय याचा? कांद्यासारखा फुगीर असेल तर ही जुनीच जात, नसेल तर नवी. आणि दलदलीत आता भराव टाकलाय, दुसरं झाड मिळायचं नाही."

खळबुवा कागदाची कड टेबलाशी जुळवायला लागले. तीस वर्षांत त्यांच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"दादांनीच उपटताना तोडला वाटतं," बाईच म्हणाल्या. " एवढा मुरलेला माणूस, आणि असं करावं?"

"असेल," खळबुवा म्हणाले.

बाईंनी चिठ्ठी लिहिली : जात अनिश्चित. संकलकाने मूळ न घेता गोळा केलेले. रिवाजाप्रमाणे ती त्यांच्याच हातात दिली आणि त्यांनी ती झाडाशेजारी, दादाच्या नावाखाली चिकटवली.

वहिनीला त्यांनी एवढंच सांगितलं, की खूण पटली नाही. ती म्हणाली, नाव नाही तर नाही, मला झाड तरी बघू दे. ती आली. झाडाकडं बघत राहिली, मग चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"हे चिकटवलं कुणी?"

"मी."

"तुमच्या दादांनी आणलेल्या मुळांचा चिखल मी जन्मभर मोरीतून उपसलाय, भाऊजी. बिनमुळाचं झाड त्यांनी कधी घरात आणलं नाही."

मग खळबुवांनी सगळं सांगितलं. नखं, चिखल, कात्री. बोलताबोलता ते नखानं चिठ्ठीचा कोपरा उचकटायला लागले. खळ त्यांचीच होती, सुटली नाही.

"कापलंत ते मला समजतं," वहिनी म्हणाली. "चिठ्ठी उचकटू नका. बाईंना सांगा."

बाईंची खोली दहा पावलांवर होती. दार उघडं होतं.

"उद्या सांगतो," खळबुवा म्हणाले.

वहिनीनं मान हलवली आणि ती घरी गेली. त्यानंतर तिनं त्यांना कधी भाऊजी म्हणून हाक मारली नाही.