बोटीच्या दोन फेऱ्या

कुठलंही यंत्र चालू करण्याआधी ते त्याच्यावर तळहात ठेवायचे. जीप असो, कचेरीतलं सायक्लोस्टाइल असो की माझा घसा बसलेला रेडिओ. हात ठेवून जरा थांबायचे आणि म्हणायचे, "बोलन, बोलन. घाई नोका करू." तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, आठवून पाहा. वैनगंगेकाठच्या आमच्या तहसील कचेरीत ते जीपचे ड्रायव्हर होते, मी कारकून. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना भाऊ म्हणायचो.

रजा म्हणाल तर ती फक्त दसऱ्याला. त्या दिवशी बायकोला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. कचेरीतला दसरा त्यांनी कधी पाहिलाच नाही, आणि पुढे घोटाळा झाला तो त्यामुळेच.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. वर कुठे तरी पाऊस झाला आणि भर दुपारी नदी चढली. पलीकडच्या धानाच्या बांध्यांत रोवणा करायला गेलेल्या बाया एका टेकाडावर अडकल्या. आमच्या काठावरून त्यांची लुगडी दिसत होती. भाऊंची बायको त्यांच्यातच होती. मासेमार ढिवरांचे लाकडी डोंगे धारेला टिकत नव्हते, आणि टेकाड हळूहळू लहान होत होतं.

कचेरीच्या गोदामात एक जुनी लोखंडी बोट होती आणि तिच्या मागे लावायचं इंजिन. कुण्या जुन्या साहेबाच्या काळात आलेलं. ते चालताना आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं.

भाऊंनी ते ओसरीवर आणवलं आणि हात ठेवला. टाकीतलं पेट्रोल सुकून त्याचा डिंक झाला होता. कार्बोरेटर रॉकेलने धुतला, प्लग घासून चुलीवर तापवला, जीपमधलं पेट्रोल काढून त्यात ऑइल मिसळलं. मग दोरी ओढायला लागले. ओढून ओढून तळहात सोलला. इंजिन नुसतं खोकत होतं.

"भाऊ, होईल का?" मी विचारलं.

"मले नोका विचारू. त्याले विचारा."

आणि ते एकदम धडधडलं. निळा धूर, कानठळ्या बसवणारा आवाज. जमलेली माणसं ओरडली. पिंपात पाणी भरून त्यात चालवून बघायला वेळ कुठला? तसंच उचलून बोटीला बांधलं. सरकारी मालमत्तेसोबत एक जबाबदार माणूस हवा, असं तहसीलदार साहेब म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मला पोहता येत नाही, हे सांगायचं धाडस झालं नाही. वाट दाखवायला एक ढिवर नावाडी सोबत घेतला.

मधल्या धारेत इंजिनाचा सूर बदलला. रंग जळाल्याचा वास आला आणि ते बंद पडलं. बोट आडवी होऊन वाहायला लागली. नावाड्याने एका बुडालेल्या बाभळीचा शेंडा पकडला, म्हणून आम्ही वाचलो. मी घाबरून ओंजळीने इंजिनावर पाणी मारायला गेलो.

"पाणी नोका टाकू! फुटन ते!" भाऊ पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले.

त्यांनी इंजिन तिरकं करून त्याचा पाण्यात बुडणारा भाग वर घेतला. तिथल्या बारीक भोकांतून इंजिन नदीचं पाणी ओढतं आणि थंड राहतं. भाऊंनी भोकांवरून बोट फिरवलं, ते केशरी होऊन आलं.

"हे काय होय?"

"शेंदूर," मी म्हणालो. "दसऱ्याले कचेरीतला जमादार पूजा करते. हा इंजिनाचा पाय म्हणून दरवर्षी इथंच लावते."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की हसावं की रडावं ते मला कळेना. नावाड्याकडून मासे धरायचा गळ घेतला आणि एकेक भोक कोरायला लागले. तेलातला शेंदूर दगडासारखा झाला होता. पलीकडून बाया हाका मारत होत्या. इंजिन निवेपर्यंत थांबणं भाग होतं. सारखी घाई करणारा मी, पण त्या वेळी घाईची खरी गरज ज्याला होती तो माणूस निमूट कोरत बसला होता. मला त्यांची फार दया आली.

इंजिन पुन्हा सुरू झालं. मागच्या भोकातून आत ओढलेल्या पाण्याची बारीक धार उडाली, तेव्हा नावाड्याने हात जोडले.

टेकाडावर पाणी पोटऱ्यांना लागलं होतं. बोटीत अर्ध्याच बाया मावणार होत्या. भाऊंच्या बायकोने बोटीला हातही लावला नाही. "लेकुरवाळ्या बायाईले आंधी न्या," ती म्हणाली. "मी हावो ना इथी."

भाऊंनी बोट भरली, वळवली. जाताना एकदाही मागे पाहिलं नाही. दुसऱ्या फेरीला पोचलो तेव्हा पाणी कमरेच्या वर होतं आणि उरलेल्या बाया एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. सगळ्या बोटीत आल्या. त्यातही सगळ्यांत शेवटी ती चढली.

भाऊ रिटायर झाले आणि काही वर्षांनी झोपेतच गेले. मी भेटायला गेलो तर वहिनी दारात बसल्या होत्या.

"त्या दिवशी हे मले टेकाडावर सोडून गेले ना," त्या म्हणाल्या, "तवाबी मागं पाह्यलं नाई. मले लय राग आला होता. आताबी तसेच गेले."

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"पण तवा परत आले होते."