चालवणाऱ्याची गाडी

आमच्या ह्यांना गाडीचं काय दुखतंय ते नुसत्या आवाजावरून कळतं, आणि माझं डोकं दुखतंय ते मी तीनदा सांगितलं तरी कळत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. देवाने एकेकाला एकेक कान दिलेला असतो.

रघुनाथ त्यांचं नाव. नवऱ्याचं नाव लिहायला हात अजून अडखळतो, पण ज्याच्याविषयी लिहायचं त्याचं नावच टाळलं तर वाचणाऱ्याने काय करायचं? वालचंदनगरच्या कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं टर्नर म्हणून काढली. माणसाच्या कमरेएवढा जाड शाफ्ट लेथवर फिरून थांबला की त्याच्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "केसभर जास्त हाय." मग माप लावायचं, आणि केसभरच जास्त निघायचं. कंपनीतले शिकलेसवरलेले साहेबसुद्धा क्वार्टरच्या दारात येऊन, "रघुनाथराव, जरा येता का?" म्हणून न्यायचे. मी चहा टाकेपर्यंत हे चपला घालून फाटकाबाहेर.

त्यांनी आयुष्यात हौस अशी एकच केली. तेरा वर्षांपूर्वी बारामतीहून लाल गाडी आणली. अंगाने बारकी, बसायला खाली, आणि इंजिन मात्र तिच्या अंगाच्या मानाने भलतंच जोरदार. अशा गाड्यांना स्पोर्टी म्हणतात असं पोरांनी सांगितलं. मी तिला खारूताई म्हटलं. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, पुढच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि पहिली फेरी देवळाची केली. माझ्या मांडीवर पंचामृताचं भांडं होतं, वर नुसती ताटली झाकलेली. जंक्शन गावाजवळचं वळण त्यांनी असं घेतलं, की माझा खांदा दाराला टेकला पण भांड्यातला थेंब हलला नाही. देवळापाशी उतरल्यावर त्यांनी आधी भांड्यात डोकावून पाहिलं, मग देवाकडे. तेव्हापासून आमच्या घरात गाडी चालवण्याचं माप तेच. सांडलं की नाही सांडलं.

निवृत्तीनंतर आम्ही डाळजला आलो. चार एकर ऊस, दोन म्हशी, आणि माझ्या सासूबाई मुक्ताबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. मुलगा सौरभ बारामतीला गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला. सून सई भिगवणच्या शाळेत शिकवते, स्कूटीवरून जाते-येते. तर ह्या सौरभनेच यंदा विषय काढला.

"आण्णा, अशा गाड्या आता कुणी मागत न्हाय. कंपनीनं ही बनवायचीच बंद केली. उद्या पार्ट मिळायचं वांधं होईल."

"का मागत न्हाईत?"

"उंच गाडीतनं रस्ता दिसतो. उसाच्या दोन ट्रॉल्यांमागं अडकलं तरी पुढचं कळतं. स्पीडब्रेकरला पोट घासत न्हाय. आजीला तर आपल्या गाडीत बसवायचं म्हंजे विहिरीत उतरवल्यागत. आणि लग्नाकार्यात उंच गाडीतनं उतरलेला माणूस दिसतो, आण्णा."

"मी काय दिसत न्हाय व्हय रं? पाच फूट सात इंच हाय."

सई हसली. सौरभ नाही हसला. त्याचं खोटं नव्हतं. महामार्गावर आता पाहावं तिकडे उंच गाड्याच. पूर्वी कॉलनीतली पोरं आमच्या गाडीभोवती घोटाळायची, टपावर हात फिरवायची. आता डाळजच्या पारावर ती उभी असली तर लोक तिच्यावर पिशव्या ठेवून गप्पा मारतात.

ह्यांनी थोडा वेळ बोटांनी ताटाची कड चाचपली आणि म्हणाले, "बसणाऱ्याला उंच गाडी लागती, चालवणाऱ्याला बारकी. लोकांना आता बसायचंच असतंय, त्याला तू काय करशील? घे."

ठरलं. अक्षय्य तृतीयेला मोठी गाडी घरी यायची आणि त्याच दिवशी लाल गाडी बदल्यात द्यायची.  मधल्या आठ दिवसांत ह्यांनी गाडीचं ऑईल बदललं, प्लग साफ केले, खालचा चिखल खरवडून काढला. मी म्हटलं, "द्यायच्या गाडीचं एवढं कोण करतं?"

"लेक सासरी धाडताना केस विंचरून धाडत्यात का न्हाय?"

 आम्हाला मुलगी नाही. मी म्हटलं, "आली तेव्हा देवाला दाखवली होती. जातानाही दाखवू."

"कुठल्या?"

उत्तर आत्याबाईंनी दिलं. "पळसदेवाला न्या."

आत्याबाईंचं माहेर जुनं पळसदेव. उजनी धरणाचं पाणी आलं तसं गाव वर सरकलं, देवही वर नव्या देवळात आला, जुनं देऊळ पाण्याखाली राहिलं. यंदा पाणी आटून धरण पार मायनसमध्ये गेलं आणि देऊळ पायथ्यापर्यंत उघडं पडलं. आत्याबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. लग्नाच्या दिवशी त्या देवळाच्या पायरीवर पाणी घालून निघाल्या होत्या. तेवढंच त्यांना पुन्हा एकदा आपल्या हाताने करायचं होतं.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. सईचे वडील आप्पासाहेब इंदापूरहून आपली पांढरी, भली थोरली गाडी घेऊन आले. "आजींना आमच्या गाडीत द्या, ऐसपैस बसतील," म्हणाले. ऐसपैस खरं, पण आत्याबाईंना वर चढवायला देवघरातला पाट आणावा लागला. पुढे आप्पासाहेब आणि सौरभ, मागे आत्याबाई, मांडीवर पाण्याचा तांब्या. आमच्या गाडीत हे, मी आणि सई.

काठावर पोचलो तर समोर किलोमीटरभर सुकलेला गाळ, भेगाळलेला, आणि पलीकडे देवळाचं शिखर. ट्रॅक्टरच्या चाकांचा माग सरळ देवळाकडे गेलेला. ह्यांनी खाली उतरून त्या मागावर टाच रोवली. अगदी शाफ्टवर अंगठा फिरवावा तशी.

"आप्पासाहेब, हितनं नको."

"का? ट्रॅक्टर गेलाय की."

"ट्रॅक्टर गेलाय म्हणूनच नको. वरचा पापुद्रा त्यानं मोडलाय. खाली लोणी हाय."

"पाव्हणं, तुमच्या खारूताईला जमणार न्हाय म्हणून आमाला अडवता व्हय?" आप्पासाहेब हसले आणि काच वर करून निघाले.

आमच्या भागात ही समजूत पक्की आहे. जिथे ट्रॅक्टर गेला, तिथे सगळं जातं. ट्रॅक्टरची चाकं कोणी पाहत नाही. तीनशे पावलांवर पांढरी गाडी एका बाजूला कलली. आप्पासाहेबांनी जोर दिला, चाकं जागच्या जागी फिरली, गाळ उडाला आणि गाडी पोटापर्यंत बसली. दार उघडून आप्पासाहेब उतरले ते बूट गाळात ठेवूनच वर आले.

आम्ही चालत गेलो. आत्याबाई मागच्या सीटवर तांब्या धरून बसलेल्या.

"मला माघारी न्या," त्या म्हणाल्या. "देवाच्या मनात न्हाय."

हे खिडकीपाशी गेले. "आई, तुझ्या गावाची गाडीवाट कुठनं हुती?"

"कशाला आता?"

"सांग तर."

आत्याबाईंनी बोट उचललं. "ते डाव्या अंगाला दोन दगड हायेत न्हवं, ती आमच्या गावाची येस. तितनं सरळ देवळाम्होरं. पावसाळ्यात बैलं रुतायची म्हणून आमच्या आबानं गोटं आणि मुरूम टाकून घेतला हुता सगळ्या वाटंला."

ह्यांनी उसाचं एक वाळलं टिपरू उचललं आणि त्या दोन दगडांपासून देवळापर्यंत टोचत टोचत चालत गेले. प्रत्येक चार पावलांवर थांबायचे, टोचायचे. टिपरू वीतभर आत जायचं आणि थांबायचं. खाली आबांचे, आत्याबाईंच्या वडिलांचे, गोटे होते. परत आले तेव्हा उन्हाने तोंड लाल, पण चाल अशी, की मला त्यांची पहिल्या पाळीला जातानाची चाल आठवली.

खांद्यावरच्या उपरण्याने त्यांनी आधी लाल गाडीची रुंदी मोजली, मग दगडांमधली जागा.

"आरसे मिटल्यावर चार बोटं हिकडं, चार बोटं तिकडं," ते म्हणाले.

"घासंल, आण्णा," सौरभ म्हणाला. "उद्या द्यायची हाय ती. चरा पडला तर भाव पाडतील."

"बैलगाडी जायाची ना रं हितनं?"

"बैलगाडीला बैल असायचं. त्यांना वाट ठावं असायची."

"मग तिला मी हाय."

चारही चाकांतली थोडी थोडी हवा त्यांनी सोडली. "चाक पसरतं, उंटाच्या पायागत," त्यांनी सईला सांगितलं, कारण ती वाकून पाहत होती. सौरभने आजीला पाठकुळी घेऊन आणलं आणि लाल गाडीत पुढे बसवलं. त्या विहिरीत उतरल्यागत नव्हे, नीट बसल्या. बैठकच खाली, पाय सरळ जमिनीवरून आत. सईने तांब्या बाटलीतल्या पाण्याने काठोकाठ भरून त्यांच्या मांडीवर दिला. आम्हाला मात्र त्यांनी बसू दिलं नाही. "वजन नको. मागनं चालत या. आणि माझ्याशी बोलू नका."

मी देवाचं नाव घेत मागून चालले. गाडी निघाली ती एका आवाजात. वर नाही, खाली नाही. आमच्या देवळातली समई वाऱ्याशिवाय जळते, तशी. वेशीच्या दगडांपाशी माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा ती पलीकडे होती. सौरभ धावत जाऊन दोन्ही बाजू पाहून आला; कुठे एक चरा नव्हता.  

मध्ये एका जागी वाट वळत होती. पूर्वी तिथे कुणाचं तरी घर असणार. एक चाक मऊ जागेत गेलं. मला वाटलं, संपलं. सौरभ ओरडणार होता, "आण्णा, जोर द्या!" पण सईने त्याचा दंड धरला. ह्यांनी जोर दिला नाही. उलट पाय हलका केला, चाक जरासं वळवलं, आणि गाडी खारीने फांदी बदलावी तशी वाटेवर आली.

देवळासमोर गाडी थांबली. मी पोचले तेव्हा आत्याबाई अजून आतच होत्या, तांब्याकडे बघत. तांब्या काठोकाठ.

"रघ्या," त्या म्हणाल्या, "आबाच्या बैलगाडीत सुदीक इतकं पाणी ऱ्हायचं न्हाय."

मग त्यांनी आमच्या दोघींच्या खांद्यावर हात ठेवून चार पावलं टाकली आणि पायरीवर पाणी घातलं. वाळलेल्या दगडाने ते लगेच पिऊन टाकलं. मी गाडीला कुंकू लावलं, हळद लावली, हात जोडले. 

ह्यांनी एकेक करून सगळ्यांना त्याच वाटेने परत आणलं. आप्पासाहेब ट्रॅक्टरची वाट पाहत जुन्या वाटेच्या कडेला अनवाणी उभे होते. कारखान्याच्या निवडणुकीत त्यांनी कधी हार मानलेली नाही, पण तेव्हा म्हणाले, "रघुनाथराव, काठापर्यंत मला तुमच्या गाडीतनं न्या. वाकून बसाय लागलं तरी चालंल."

"देवाच्या दारात वाकायचंच असतंय, आप्पासाहेब. बसा."

काठावर हे पायपंपाने चाकांत हवा भरत बसले. सई जवळ उभी होती. अचानक म्हणाली, "आण्णा, मला ही चालवायला शिकवाल?"

"ही? ही उद्या चालली."

"मोठ्या गाडीत मला बसावंच लागेल. मला बसायचं नाही, चालवायचंय. शाळेची वाट अरुंद आहे, ही बरोबर जाते तिथून."

"सई, व्यवहार ठरलाय," सौरभ म्हणाला.

"तुमचा ठरलाय. मला कुणी विचारलं?"

सौरभने बापाकडे पाहिलं. बाप पंप मारत होता, मान खाली, पण पंपाची लय चुकली होती. चौतीस वर्षांत ज्याचा हात चुकला नाही त्याची लय चुकलेली मी पाहिली, आणि सौरभनेही पाहिली. त्याने शोरूमला फोन लावला.

"साहेब, उद्याची मोठी गाडी मी घेतोच. पण बदल्यात लाल गाडी येत न्हाय." पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. "व्हय, सवलत जाईल, ठावं हाय मला. न्हाय साहेब, तिला दुसरं गिऱ्हाईक मिळालं. घरातच हाय."

अक्षय्य तृतीयेला मोठी गाडी आली. तिलाही लिंबं ठेवली, नारळ फोडला. तीही लेकरूच. आत्याबाईंसाठी सौरभने लगोलग पाट तिच्यातच ठेवून दिला. आणि आमरसाचं जेवण झाल्यावर, तेरा वर्षांत पहिल्यांदा, हे लाल गाडीत डाव्या बाजूला बसले. मागे मी. त्यांनी मला मुद्दाम दह्याचं भांडं घेऊन बसवलं.

अंगणातच गाडी तीनदा बंद पडली. सई घामाघूम. हे डोळे मिटून बसलेले. "काट्याकडं बघू नको," म्हणाले. "ऐक. ती सांगती. आता... आता बदल."

सईने गियर बदलला. डाळजवरून भिगवणपर्यंत आम्ही सेवा रस्त्याने गेलो, उसाच्या रिकाम्या ट्रॉल्यांना वाट देत. चौकाच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरला माझ्या साडीवर दही आलं. तेव्हा हे मागे वळले.

"किती सांडलं?"

"चमचाभर."

"पहिल्या दिवशी माझं निम्मं भांडं सांडलं हुतं," ते हळूच म्हणाले, सईलाही ऐकू जाईल इतपत. "मी ते तुला कधी सांगितलं न्हाय. तुला देवळात न्यायच्या आधी पाण्याचं भांडं शेजारी ठेवून एकटाच फेरी मारून आलो हुतो."